साठ गोलांचा मानकरी

इ. स. १९२६ च्या जून महिन्यातील गोष्ट. इंग्लंडच्या शेजारी असलेल्या वेल्समध्ये मोटारसायकलचा एक भीषण अपघात झाला. एकोणीस वर्षांचा एक तरुण त्यात गंभीर जखमी झाला. त्याची कवटी आणि जबडा मोडला होता. सुमारे दीड दिवस तो बेशुद्ध होता. तो वाचेल की नाही, याचीच डॉक्टरांना काळजी वाटत होती. वाचला तरी तो पुन्हा फुटबॉल खेळू शकेल, असे त्यांना वाटत नव्हते.

हा तरुण साधासुधा खेळाडू नव्हता. एव्हर्टन या प्रसिद्ध संघाच्या आघाडीचा तो भार वाहत होता. उंच उडी मारून डोक्याने चेंडू गोलात धाडणे, ही त्याची खासियत होती. ज्या डोक्याच्या बळावर तो नाव कमावत होता, त्याच डोक्याचे हाड मोडले होते.

पण दोन वर्षांच्या आतच या तरुणाने एक विक्रम केला. इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीच्या लीग स्पर्धेत त्याने एका हंगामात ६० गोल केले. या गोष्टीला आता नव्वदहून अधिक वर्षे झाली. तरीही इंग्लंडमध्ये कोणाला तो विक्रम मोडता आलेला नाही. या खेळाडूचे नाव विल्यम राल्फ डीन. जग त्याला ‘डिक्सी’ डीन म्हणून ओळखते. काळ्या कुरळ्या केसांमुळे त्याला हे टोपणनाव पडले, असे म्हणतात. त्याला स्वतःला मात्र ते आवडत नसे. आपल्याला ‘बिल’ म्हणावे, असे त्याला वाटे.

डीनचा जन्म २२ जानेवारी १९०७ रोजी बर्कनहेड येथे झाला. हे गाव मर्सी नदीच्या एका काठावर आहे. समोरच्या काठावर लिव्हरपूल हे मोठे बंदर आहे. डीनचे वडील रेल्वेत नोकरी करीत. घरची परिस्थिती बेताचीच होती. डीन सात वर्षांचा असताना पहिले महायुद्ध सुरू झाले. त्या दिवसांत हा लहान मुलगा पहाटे उठून घरोघरी दूध पोचवत असे. शाळेच्या पुस्तकांत त्याचे मन फारसे रमले नाही. त्याचे सारे लक्ष फुटबॉलकडे असे.

डीन आठ वर्षांचा असताना वडील त्याला नदीपलीकडे लिव्हरपूलला घेऊन गेले. तेथील गुडिसन पार्क या मैदानावर त्याने एव्हर्टनचा सामना पाहिला. त्याच दिवसापासून त्याला एव्हर्टनचे वेड लागले. आपण मोठे झाल्यावर याच संघातून खेळायचे, असे त्याने मनाशी ठरवून टाकले.

चौदाव्या वर्षी डीनची शाळा सुटली. तो रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी करू लागला. तेथे रात्रपाळी कोणालाच नको असे, कारण रात्री उंदरांचा फार उपद्रव होई. डीनने मात्र आपण होऊन रात्रपाळी मागून घेतली. रात्री काम केले, की दिवसा खेळायला मोकळीक मिळे! आपली आवड जपण्यासाठी झोपेचा त्याग करणारी अशी मुले थोडीच असतात.

लवकरच बर्कनहेडच्या ट्रॅन्मिअर रोव्हर्स या संघाने त्याला घेतले. हा संघ तिसऱ्या श्रेणीत खेळत असे. तेथे डीनने लीगच्या ३० सामन्यांत २७ गोल केले. मोठमोठ्या संघांचे लक्ष त्याच्याकडे वळले. त्याचे मन मात्र एकाच संघाकडे ओढ घेत होते. मार्च १९२५ मध्ये एव्हर्टनने ट्रॅन्मिअरला तीन हजार पौंड देऊन डीनला आपल्या संघात घेतले. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती. डीन तेव्हा केवळ अठरा वर्षांचा होता. आठव्या वर्षी पाहिलेले स्वप्न दहा वर्षांनी खरे झाले होते.

एव्हर्टनकडून खेळताना पहिल्या पूर्ण हंगामातच त्याने लीगमध्ये ३२ गोल केले. सगळीकडे त्याचे कौतुक होऊ लागले. आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात तो अपघात झाला.

डीन रुग्णालयात अंथरुणाला खिळून होता, पण त्याने हिंमत सोडली नाही. मोडलेली हाडे हळूहळू सांधली. बळ परत आले. तो धावू लागला, उड्या मारू लागला. १९२६ च्या ऑक्टोबर महिन्यात, म्हणजे साधारण चार महिन्यांनी, तो पुन्हा मैदानावर उतरला. जिवावरचे दुखणे काढून आलेला हा खेळाडू आता डोक्याने चेंडू मारील का, अशी शंका लोकांना वाटत होती. त्या काळचा चेंडू जाड कातड्याचा असे. त्याला बांधलेल्या वाद्या वर आलेल्या असत. पावसात भिजला, की तो दगडासारखा जड होई. असा चेंडू डोक्यावर घेताना धडधाकट खेळाडूही कचरत. डीन कचरला नाही. त्या हंगामात त्याने लीगच्या २७ सामन्यांत २१ गोल केले. फेब्रुवारी १९२७ मध्ये त्याची इंग्लंडच्या राष्ट्रीय संघात निवड झाली. पहिल्या पाच आंतरराष्ट्रीय सामन्यांत त्याने १२ गोल केले.

त्या सुमारास फुटबॉलच्या नियमांत एक महत्त्वाचा बदल झाला होता. पूर्वीच्या ऑफसाइडच्या नियमाप्रमाणे, पुढे गेलेल्या खेळाडूकडे चेंडू येताना त्याच्या आणि गोलरेषेच्या मध्ये प्रतिस्पर्धी संघाचे निदान तीन खेळाडू असावे लागत. १९२५ मध्ये ही संख्या तीनवरून दोनवर आणली गेली. त्यामुळे आघाडीच्या खेळाडूंना मोकळी जागा मिळू लागली. गोलांची संख्या वाढली. १९२६–२७ च्या हंगामात मिडल्सबरो संघाच्या जॉर्ज कॅम्सेलने दुसऱ्या श्रेणीत ५९ गोल केले. हा विक्रम आता बराच काळ टिकेल, असे सर्वांना वाटले. तो एक वर्षच टिकला!

१९२७–२८ चा हंगाम सुरू झाला आणि डीन गोलांमागून गोल करू लागला. मात्र हंगाम संपत आला तेव्हा अवघे तीन सामने उरले होते आणि डीनच्या नावावर ५१ गोल होते. कॅम्सेलला मागे टाकायचे, तर तीन सामन्यांत नऊ गोल हवे होते. हे जवळजवळ अशक्यच वाटत होते. अॅस्टन व्हिला संघाविरुद्ध डीनने दोन गोल केले. बर्नली संघाविरुद्ध चार केले. आता ५७ गोल झाले. एकच सामना बाकी होता आणि तीन गोल हवे होते.

५ मे १९२८. गुडिसन पार्क प्रेक्षकांनी फुलून गेले होते. समोर आर्सेनलचा बलाढ्य संघ होता. एव्हर्टनने लीगचे विजेतेपद आधीच मिळवले होते. त्यामुळे सामना कोण जिंकणार, यापेक्षा डीन तीन गोल करणार का, हाच प्रश्न साऱ्यांच्या मनात होता.

सुरुवातीलाच आर्सेनलने गोल केला. पण थोड्याच वेळात डीनने त्याची परतफेड केली. मग त्याला पाडल्याबद्दल एव्हर्टनला पेनल्टी मिळाली. डीनने स्वतः ती घेतली आणि गोल केला. एकूण ५९ गोल झाले! कॅम्सेलची बरोबरी झाली. मध्यंतरापूर्वीच आर्सेनलनेही बरोबरी साधली. उत्तरार्धात वेळ भराभर सरू लागला. आर्सेनलचे बचावपटू डीनला क्षणभरही मोकळे सोडत नव्हते. प्रेक्षकांचा जीव वरखाली होत होता.

सामना संपायला काही मिनिटेच उरली होती. एव्हर्टनला कॉर्नर मिळाला. छोट्या चणीच्या अॅलेक ट्रूपने डाव्या कोपऱ्यातून चेंडू उंच उचलून गोलासमोर टाकला. खेळाडूंच्या गर्दीतून डीन उंच झेपावला. चेंडू त्याच्या डोक्यावर आदळला आणि सरळ गोलात गेला. साठावा गोल! मैदानावर एकच जल्लोष झाला. दोन वर्षांपूर्वी ज्या डोक्याचे हाड मोडले होते, त्याच डोक्याने विक्रम पुरा केला होता. शेवटी आर्सेनलने आणखी एक गोल केला आणि सामना तीन-तीन असा बरोबरीत सुटला. पण त्याची खंत कोणालाच वाटली नाही.

एवढा मोठा विक्रम करणाऱ्या डीनला किती पैसे मिळत असतील? आजच्या नामवंत खेळाडूंची मिळकत ऐकून आपण थक्क होतो. पण त्या काळी इंग्लंडमध्ये व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या पगाराला मर्यादा घातलेली होती. हंगामात आठवड्याला आठ पौंड आणि उन्हाळ्याच्या सुटीत सहा पौंड, यापेक्षा अधिक पगार कोणालाही देता येत नसे. साठ गोल करणारा डीन असो किंवा साधा खेळाडू असो, मर्यादा सर्वांना सारखीच. संघाच्या परवानगीवाचून खेळाडूला दुसऱ्या संघात जाताही येत नसे. एव्हर्टनने दिलेले तीन हजार पौंड ट्रॅन्मिअर संघाच्या तिजोरीत गेले होते. पगाराची ही मर्यादा १९६१ मध्ये उठली. तोपर्यंत डीनचा खेळ संपून कितीतरी वर्षे झाली होती.

यशाचे दिवस सदैव सारखे नसतात. १९३० मध्ये एव्हर्टन संघाची कामगिरी घसरली आणि तो दुसऱ्या श्रेणीत गेला. डीन मात्र संघाला सोडून गेला नाही. पुढच्याच हंगामात त्याने ३९ गोल केले आणि संघ पुन्हा पहिल्या श्रेणीत आला. त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे १९३२ मध्ये, डीनने लीगमध्ये ४५ गोल केले आणि एव्हर्टन पुन्हा विजेता ठरला. १९३३ मध्ये डीनच्या नेतृत्वाखाली संघाने एफ. ए. चषक जिंकला. लंडनच्या वेम्बली मैदानावर झालेल्या अंतिम सामन्यात एव्हर्टनने मँचेस्टर सिटीचा तीन-शून्य असा पराभव केला. त्यांतला एक गोल डीनचा होता. एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यात खेळाडूंच्या पाठीवर क्रमांक आले ते प्रथमच. एव्हर्टनच्या खेळाडूंना १ ते ११ आणि सिटीच्या खेळाडूंना १२ ते २२ असे क्रमांक दिले होते. डीनच्या पाठीवर ९ हा आकडा होता. एव्हर्टनमध्ये पुढे या आकड्याला मोठा मान मिळाला.

गोल करणाऱ्या खेळाडूला बचावपटू धक्के देतात, पाडतात, चिडवतात. डीनने असे धक्के पुष्कळ सोसले. पण रागाच्या भरात त्याने कधी तोल जाऊ दिला नाही. एवढ्या मोठ्या कारकिर्दीत पंचांनी त्याला एकदाही मैदानाबाहेर काढले नाही.

हळूहळू दुखापती वाढल्या. शरीर पूर्वीसारखी साथ देईना. एव्हर्टनने टॉमी लॉटन या सतरा वर्षांच्या मुलाला संघात आणले. हा मुलगा आपली जागा घ्यायला आला आहे, हे डीनला ठाऊक होते. दुसरा एखादा त्याच्यावर जळला असता. डीनने त्याला जवळ केले. चेंडूकडे कसे पाहावे, उडी केव्हा घ्यावी, हे सारे त्याने उस्तादाने शागिर्दाला शिकवावे तसे त्याला शिकवले. पुढे लॉटनही इंग्लंडचा नामांकित खेळाडू झाला.

मार्च १९३८ मध्ये डीनने एव्हर्टन सोडले. तेव्हा लीगच्या ३९९ सामन्यांत त्याचे ३४९ गोल झाले होते. इंग्लंडसाठी त्याने १६ सामन्यांत १८ गोल केले होते. नॉट्स काउंटी या संघाकडून काही सामने खेळून १९३९ मध्ये तो आयर्लंडच्या स्लायगो रोव्हर्स संघात गेला. तेथे चषकाच्या अंतिम सामन्यात त्याचा संघ हरला. उपविजेत्याचे पदक डीनला मिळाले, पण ते चोरीला गेले. गंमत अशी, की एकोणचाळीस वर्षांनी तो सामना पाहायला आयर्लंडला गेला, तेव्हा कोणीतरी ते पदक एका पुडक्यात घालून त्याच्या हॉटेलवर पोचवले!

त्याच वर्षी दुसरे महायुद्ध पेटले. डीनने सैन्यात नोकरी केली. युद्धानंतर त्याने चेस्टर शहरात अनेक वर्षे एक लहानसा पब चालवला. लोक तेथे खाण्यापिण्याबरोबर त्याच्याशी फुटबॉलच्या गप्पा मारायला येत. पुढे त्याने लिव्हरपूलच्या एका कंपनीत साधी नोकरी केली. एके काळी ज्याच्या नावाचा जयघोष होई, तो माणूस आता रोज कामावर जाई. पण या कामाची त्याला लाज वाटली नाही. चाहतेही त्याला विसरले नव्हते. १९६४ मध्ये त्याच्या मदतीसाठी गुडिसन पार्कवर एक सामना झाला. तो पाहायला तीस हजारांहून अधिक लोक आले.

म्हातारपणी डीनची प्रकृती ढासळली. १९७६ मध्ये त्याचा उजवा पाय कापावा लागला. ज्या पायांनी हजारोंना आनंद दिला, त्यांतला एक गेला. तरी त्याचे फुटबॉलवरचे प्रेम गेले नाही. १ मार्च १९८० रोजी तो गुडिसन पार्कवर आला. आजारपणामुळे बऱ्याच दिवसांत त्याला येथे येता आले नव्हते. एव्हर्टन आणि लिव्हरपूल या एकाच शहरातील दोन संघांचा सामना होता. सामना चालू असताना डीनला हृदयविकाराचा झटका आला. ज्या मैदानावर त्याने आठव्या वर्षी स्वप्न पाहिले आणि एकविसाव्या वर्षी विक्रम केला, त्याच मैदानावर वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी त्याने अखेरचा श्वास घेतला.

२००१ मध्ये गुडिसन पार्कच्या बाहेर डीनचा पुतळा उभारण्यात आला. २०२५ मध्ये एव्हर्टनचा पुरुष संघ नव्या मैदानावर खेळायला गेला. काळ बदलला, नियम बदलले, चेंडू हलका झाला, खेळाडूंचा पगार लाखोंनी वाढला. साठ गोलांचा विक्रम मात्र अजून तसाच आहे.

डीनजवळ शेवटी फार पैसा नव्हता. पण मोडल्यावर पुन्हा उभे राहण्याची हिंमत त्याच्याजवळ होती. आपल्या जागी येणाऱ्याला मनापासून शिकवण्याचा मोठेपणाही होता. साठ गोलांचा विक्रम कदाचित उद्या कोणी मोडील. पण हे दोन गुण आठवले, की डीनचे नाव आदराने घेतले जाईल.