भिवाचे शाळेचे दिवस : सहा ते बारा वयातले बाबासाहेब

७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीच्या वर्गात एका मुलाचे नाव दाखल झाले. रजिस्टरमध्ये नोंद आहे, भिवा रामजी आंबेडकर. वय साडेनऊ वर्षे. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि २०१७ पासून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी वाचली जाते. साडेनऊ वर्षांचे मूल शाळेत येते तेव्हा त्याच्या शरीरात आणि मनात काय चाललेले असते, यावर मात्र फारसे बोलले जात नाही.

पारशिवनी तालुक्यात मुलांच्या शिक्षणाचे काम करताना आम्हाला चरित्रातला हाच भाग सर्वात उपयोगाचा वाटतो. जयंतीच्या भाषणांतून मुलांना सांगितले जाते की बाबासाहेब जन्मतःच अलौकिक बुद्धीचे होते. समोर सतरंजीवर बसलेले चौथीतले मूल त्यातून एकच अर्थ काढते, की आपण तसे नाही. खरा भिवा कसा होता, हे त्या मुलाला कळायला हवे.

घर हीच पहिली शाळा

भिवाचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूच्या लष्करी छावणीतला. रामजी सुभेदार आणि भीमाबाई यांचे हे चौदावे अपत्य. चौदापैकी तीन मुलगे आणि दोन मुलीच जगल्या. त्या काळी बालमृत्यू किती घरांत शिरलेला होता, हे या एका आकड्यावरून समजावे. रामजी लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर कुटुंब काही काळ दापोलीला राहिले आणि पुढे साताऱ्याला आले. तिथे १८९६ मध्ये आई गेली. भिवा पाच वर्षांचा होता. त्याला सांभाळले मीराआत्याने.

घर कबीरपंथी होते. संध्याकाळी भजन, अभंग, ग्रंथवाचन चाले आणि मुलांना त्यात बसावेच लागे. रामजी स्वतः मुलांचे गणित आणि इंग्रजी घेत. तर्खडकरांची भाषांतराची पुस्तके त्यांनी भिवाकडून करून घेतली. म्हणजे शाळेने जे नाकारले त्यातले बरेचसे घर देत होते. वडील शिकलेले होते, कारण लष्करात अस्पृश्य सैनिकांच्या मुलांनाही शिक्षण मिळत असे. भिवाच्या पुढच्या विद्वत्तेची मुळे शोधायची तर ती या व्यवस्थेतही आहेत.

खोड्या करणारा मुलगा

शाळेत भिवा पहिला येणारा मुलगा नव्हता. खेळ, मारामाऱ्या, बागकाम, गुरे राखणे यांतच त्याचा जीव रमे. एकदा हट्टाने भर पावसात भिजत तो वर्गात आला. पेंडसे नावाच्या शिक्षकांनी आपल्या मुलाबरोबर त्याला स्वतःच्या घरी पाठवले, गरम पाण्याने आंघोळ घालायला लावली आणि लंगोटी दिली. नंतर त्याच वेशात वर्गात बसायला सांगितल्यावर मात्र भिवाला रडू कोसळले. वर्गासमोर आपण कसे दिसतो याची जाणीव या वयात तीव्र असते. त्याच शाळेत आंबेडकर आडनावाचे एक शिक्षक मधल्या सुट्टीत त्याला आपल्या शिदोरीतली भाकरी-भाजी देत. बाबासाहेब मोठेपणीही ती भाकरी विसरले नाहीत.

रामजींनी दुसरे लग्न केले तेव्हा सावत्र आईच्या अंगावर आईचे दागिने पाहून भिवा दुखावला. वडिलांवर अवलंबून राहायचे नाही, मुंबईला जाऊन गिरणीत काम करायचे, असे त्याने ठरवले. गाडीभाड्यासाठी आत्याची कमरेची पैशांची पिशवी पळवण्याचा त्याने तीन रात्री प्रयत्न केला. चौथ्या रात्री पिशवी हाती लागली, पण तिच्यात निघाला फक्त अर्धा आणा. त्याची त्यालाच लाज वाटली. गिरणीचा नाद सोडून अभ्यास नेटाने करायचा, असे त्याने मनाशी ठरवले.

हा प्रसंग लपवण्यासारखा नाही. पिशवीत पुरेसे पैसे असते तर भिवा कदाचित गिरणी कामगार झाला असता. शाळा सुटणे आणि शाळा टिकणे यांतले अंतर कधी कधी इतके लहान असते.

गोणपाट, नळ आणि तहान

वर्गात भिवाला कोपऱ्यात वेगळे बसावे लागे. बसायला गोणपाटाचा तुकडा घरून आणायचा आणि संध्याकाळी घरी न्यायचा, कारण शाळा झाडणारा माणूस त्याला हात लावत नसे. नळाला भिवाने स्पर्श करायचा नाही. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर तहानलेले राहायचे. धोबी कपडे धूत नसे आणि न्हावी केस कापत नसे. ती कामे बहीण करी. लहानग्या भिवाला हे सारे रोजच्या सवयीचे वाटत होते.

मग १९०१ च्या सुमारास उन्हाळ्याच्या सुट्टीत तो, त्याचा भाऊ आणि भाचे वडिलांना भेटायला निघाले. रामजी तेव्हा दुष्काळी कामावर खजिनदार होते. मुले नवे कपडे घालून रेल्वेने मसूर स्टेशनवर उतरली. न्यायला कोणी आले नव्हते. जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला आणि गाडीवाले नाही म्हणाले. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे, गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवाल्याने बाजूने चालायचे, असे ठरले. जवळ जेवण होते, पण वाटेत कोणी पिण्याचे पाणी दिले नाही. उपाशी आणि तहानलेली मुले दुसऱ्या दिवशी मुक्कामी पोहोचली.

बाबासाहेबांनी पुढे या प्रवासाविषयी लिहिले आहे. या घटनेने मनावर खोल ठसा उमटला आणि तोवर सवयीची वाटणारी अस्पृश्यता निराळी दिसू लागली, असा त्याचा आशय आहे. बालमानसशास्त्राच्या नजरेने पाहिले तर हे वय नेमके असेच असते. ज्याँ पियाजे यांनी सात ते अकरा या वयाला मूर्त क्रियात्मक अवस्था म्हटले. या काळात मूल वस्तूंचे आणि घटनांचे गट पाडते, कारण शोधते, सुट्या अनुभवांमागचा नियम ओळखते. गोणपाट, नळ, न्हावी, बैलगाडी हे वेगवेगळे अनुभव नऊ-दहा वर्षांच्या मनात एकत्र जोडले गेले.

याच वयात मूल स्वतःची इतरांशी तुलना करू लागते. एरिक एरिक्सन यांनी सांगितले की शालेय वयात मुलात कर्तबगारीची भावना तरी रुजते, नाहीतर न्यूनगंड तरी. वर्गाचा कोपरा भिवाला रोज न्यूनगंड शिकवत होता. रामजींचा रात्रीचा अभ्यास, आत्याची माया आणि शिक्षकाची भाकरी त्याला रोज उलटे शिकवत होती.

मुंबई आणि पुढे

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईत परळच्या चाळीत आले. एकच खोली. रामजी पहाटे दोनला मुलाला अभ्यासासाठी उठवत आणि पुस्तकांसाठी विवाहित मुलींकडून पैसे उसने आणत. एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी भिवाला फळ्यावर गणित सोडवायला बोलावले, तेव्हा मुलांनी फळ्यामागे ठेवलेले डबे धावत जाऊन उचलले. संस्कृत शिकू दिले नाही म्हणून त्याने फारसी घेतली. १९०७ च्या मॅट्रिक परीक्षेत त्याला ७५० पैकी २८२ गुण मिळाले. आज कमी गुणांमुळे खचलेल्या मुलांना हा आकडा जरूर सांगावा. त्याच सुमारास कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्याला आपले बुद्धचरित्र भेट दिले.

पुढचे आपल्याला माहीत आहे. १९१२ मध्ये बी. ए., १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठ. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेब प्याले, तेव्हा मसूरच्या त्या प्रवासाला सुमारे २६ वर्षे झाली होती. वसतिगृहे, १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, आणि संविधानाच्या कलम ४५ मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचे निर्देश. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा आणि ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण. बसायला जागा, प्यायला पाणी, राहायला वसतिगृह, वाचायला पुस्तक, या साध्या गोष्टींसाठी ते आयुष्यभर झटले.

आपल्या जिल्ह्यातही हे काम झाले आहे. हमालीचे काम केलेल्या जाईबाई चौधरी यांनी १९२२ मध्ये नागपुरात मुलींसाठी चोखामेळा यांच्या नावाने शाळा काढली. दीक्षाभूमीवर जाणाऱ्या प्रत्येक मुलीला हे नाव ठाऊक असावे.

पारशिवनीतला आजचा भिवा

आमच्या तालुक्यात पेंचकडची आदिवासी गावे आहेत आणि गोंडेगाव-कन्हानकडच्या कोळसा खाणींच्या वस्त्याही आहेत. कापूस वेचणीच्या दिवसांत मुले आईबापांबरोबर शेतात जातात आणि वर्गात मागे पडतात. सहा ते बारा वयात मुलाची उंची वर्षाला साधारण पाच-सहा सेंटीमीटर आणि वजन दोन-तीन किलोने वाढते. सहाव्या वर्षापर्यंत मेंदूचा आकार प्रौढ मेंदूच्या सुमारे ९० टक्के झालेला असतो. पुढची वर्षे त्यातले जोड पक्के होण्याची असतात. त्यासाठी अन्न, झोप, खेळ आणि रोजचा सराव लागतो. अंगात लोह कमी असलेले मूल वर्गात पेंगते आणि आपण त्याला मठ्ठ ठरवतो.

पाण्याचा प्रश्नही संपलेला नाही. विदर्भात बौद्ध आणि आदिवासी समाजात सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आढळतो. सिकलसेल पीडित मुलाच्या अंगातले पाणी कमी झाले की असह्य वेदना सुरू होऊ शकतात. अशा मुलाला तासाच्या मध्येही पाणी प्यायची आणि लघवीला जायची मोकळीक हवी. दुखण्यामुळे त्याचे शाळेचे दिवस बुडतात, ते भरून काढायला कोणीतरी लागते. सिकलसेलची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. ती प्रत्येक मुलाची व्हावी.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत सुरक्षित पिण्याचे पाणी बंधनकारक केले, मुलांना मारहाण व मानसिक छळ करण्यास बंदी घातली आणि शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या. त्या समितीत आपले युवक-युवती पालक म्हणून बसतात का? मध्यान्ह भोजनाच्या पंगतीत कोण कुठे बसते, वर्ग झाडायला नेहमी कोणाच्या मुलांना सांगितले जाते, हे कोणी पाहते का?

रामजींसारखे शिकलेले वडील प्रत्येक घरात नाहीत. जिथे नाहीत तिथे ती जागा विहाराने घ्यावी. आठवड्यातून पाच संध्याकाळी दीड तास, एक कार्यकर्ता आणि दहा-बारा मुले, वाचन, पाढे आणि थोडा खेळ. एवढे प्रत्येक गावात जमण्यासारखे आहे. यंदाच्या ७ नोव्हेंबरला भाषण ठेवायचे असेल तर जरूर ठेवा, पण त्याच संध्याकाळी विहारात अभ्यासवर्गाची पहिली हजेरीही घ्या.

जय भीम!