यादीत नाव नव्हते तेव्हा

बारावीचे वर्ष म्हणजे याद्यांचे वर्ष. एनडीएची यादी, जेईईची यादी, नीटची यादी आणि त्यानंतर कॉलेजांच्या एकामागून एक फेऱ्यांच्या याद्या. आपल्यासारख्या शाळेत त्यात एसएसबीची भर पडते. पहिल्याच दिवशी स्क्रीनिंगमधून परत आलेले आणि पाचव्या दिवशी कॉन्फरन्सनंतर आपला चेस्ट नंबर ऐकू न आलेले सिनिअर आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. त्यांच्याशी काय बोलावे हे कुणालाच सुचत नाही. मग कुणीतरी हमखास सांगते, की आइन्स्टाइनसुद्धा गणितात नापास झाले होते. हे ऐकायला बरे वाटते, पण ते खोटे आहे. खरी हकिकत वेगळी आहे, आणि माझ्या मते ती जास्त उपयोगाची आहे.

अल्बर्ट आइन्स्टाइन यांचा जन्म १४ मार्च १८७९ रोजी जर्मनीतील उल्म या शहरात झाला. पुढच्याच वर्षी त्यांचे कुटुंब म्युनिकला राहायला गेले. वडील हर्मान आणि काका याकोब यांनी तिथे विजेची यंत्रे बनवण्याचा कारखाना काढला. काका इंजिनीयर होते. त्यामुळे घरात लहानपणापासून डायनॅमो, तारा आणि दिवे यांच्याच गप्पा चालत. अल्बर्ट बारा वर्षांचा असताना त्याच्या हाती भूमितीचे एक पुस्तक आले आणि तो त्यात रमून गेला. पंधरा वर्षांचा होण्याआधीच तो कलनशास्त्र स्वतःचे स्वतः शिकला होता. तेव्हा गणितात नापास झाल्याची गोष्ट इथेच संपते.

१८९४ मध्ये वडिलांचा धंदा अडचणीत आला. म्युनिकमधील दिवाबत्तीचे कंत्राट दुसऱ्या कंपनीला गेले आणि कारखाना बंद करून कुटुंब इटलीला निघाले. अल्बर्टचे शिक्षण अर्धवट राहू नये म्हणून त्याला म्युनिकमध्येच ठेवले. घरापासून दूर राहण्याचा अनुभव आपल्याला आहेच. आपल्याला निदान सोबत मित्र असतात, अल्बर्टला मात्र तिथे फार एकटे वाटे. शाळेतील घोकंपट्टी आणि करडी शिस्त त्याला मानवत नव्हती. डिसेंबर १८९४ मध्ये त्याने डॉक्टरांचा दाखला मिळवला, गणिताच्या शिक्षकांकडून आपल्या तयारीविषयी एक पत्र घेतले आणि शाळा सोडून तो थेट इटलीला आईवडिलांकडे गेला. तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता, म्हणजे माझ्याच वयाचा. शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र त्याच्याजवळ नव्हते.

आणखी एक गोष्ट त्याने केली, ती आपल्या मासिकात लपवून ठेवणे बरे नाही. जर्मन सैन्यातली सक्तीची सेवा त्याला नको होती. म्हणून त्याने जर्मन नागरिकत्व सोडायचे ठरवले आणि जानेवारी १८९६ मध्ये तो अधिकृतपणे त्यातून मोकळा झाला. आपण गणवेश घालायला उत्सुक असणारी मुले, त्याची वाट वेगळी होती. पण पुढे सैन्याच्या मेडिकलची वेळ त्याच्यावरही आली. तो किस्सा पुढे सांगतो.

प्रमाणपत्राशिवाय प्रवेश मिळू शकेल अशी एक जागा होती. स्वित्झर्लंडमधील झुरिक येथील पॉलिटेक्निक. आज तीच संस्था ईटीएच झुरिक या नावाने जगभर ओळखली जाते. तिथे प्रवेश परीक्षा देता येत असे, मात्र वयाची अट अठरा वर्षांची होती आणि अल्बर्ट साडेसोळा वर्षांचा होता. कुटुंबाच्या एका स्नेह्याने शब्द टाकला आणि त्याला परीक्षेला बसण्याची परवानगी मिळाली. मुलाने विद्युत इंजिनीयर व्हावे आणि घरच्या धंद्याला हातभार लावावा अशी घरच्यांची इच्छा होती.

ऑक्टोबर १८९५ मध्ये परीक्षा झाली. गणित आणि भौतिकशास्त्रात त्याचे पेपर उत्तम गेले. इतके, की तिथले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक हाइन्रिख वेबर यांनी त्याला आपल्या व्याख्यानांना येऊन बसायची मुभा देऊ केली. पण परीक्षेचा दुसरा भाग सर्वसाधारण विषयांचा होता. भाषा, साहित्य, वनस्पती आणि प्राणी यांची माहिती असे त्याचे स्वरूप होते. त्यात तो कमी पडला. प्रवेश नाकारला गेला.

इथे थांबून पाहण्यासारखे आहे. नकार मिळाला तो त्याच्या बुद्धीला नव्हे. तो ठराविक विषयांतील ठराविक उणिवेला मिळाला होता, आणि ती उणीव भरून काढता येण्यासारखी होती. संचालक अल्बिन हर्ट्सोग यांनी त्याला तसाच सल्ला दिला: एखाद्या स्विस शाळेत वर्षभर शिकून शालान्त प्रमाणपत्र घ्यावे. ते असले की प्रवेश परीक्षेची गरज उरणार नव्हती.

अल्बर्टने सल्ला मानला. झुरिकच्या पश्चिमेला आराऊ नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या शाळेत त्याने नाव घातले. आपल्या भाषेत सांगायचे तर त्याने ड्रॉप घेतला आणि आपल्यापेक्षा लहान गावातल्या शाळेत पुन्हा बाकावर जाऊन बसला. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर हे वर्ष तोंड लपवून काढले असते. त्याच्यासाठी मात्र ते आयुष्यातले फार सुखाचे वर्ष ठरले. योस्ट विंटेलर या शिक्षकांच्या घरी तो राहायला होता. घरात मुलांचा गोतावळा होता, जेवणाच्या टेबलावर मोकळ्या गप्पा होत. शाळेत भौतिकशास्त्राची चांगली प्रयोगशाळा होती आणि शिक्षक पाठांतरापेक्षा स्वतः विचार करण्यावर भर देत. याच वर्षी त्याला एक प्रश्न पडला: प्रकाशाच्या किरणाच्या मागे प्रकाशाच्याच वेगाने धावत गेलो तर काय दिसेल? दहा वर्षांनी सापेक्षता सिद्धान्तात ज्याचे उत्तर मिळाले, तो प्रश्न या तथाकथित वाया गेलेल्या वर्षात सुचला होता.

१८९६ च्या शरद ऋतूत तो शालान्त परीक्षा पास झाला. त्या शाळेत ६ हा सर्वात वरचा गुण होता. बीजगणित, भूमिती आणि भौतिकशास्त्रात त्याला ६ मिळाले, फ्रेंचमध्ये जेमतेम ३. जर्मनीत १ हा सर्वोत्तम गुण मानत. तिथल्या सवयीने कुणी ही गुणपत्रिका वाचली तर ६ म्हणजे नापास असेच वाटेल. त्याच महिन्यांत तो झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाला. या वेळी त्याने इंजिनीयरिंग घेतले नाही. गणित आणि भौतिकशास्त्राचे शिक्षक तयार करणारी शाखा घेतली. घरच्यांनी ठरवलेल्या वाटेवरून स्वतःच्या वाटेवर येण्यासाठी ते एक वर्ष उपयोगी पडले.

गोष्ट इथे संपली असती तर ती सोपी झाली असती. पण प्रवेश मिळाला म्हणजे सगळे मिळाले असे नसते. पॉलिटेक्निकमध्ये आइन्स्टाइन अनेक तास बुडवत, स्वतःला आवडेल ते वाचत आणि परीक्षेआधी मार्सेल ग्रोसमान या मित्राच्या नीटनेटक्या वह्यांवर अभ्यास करत. प्राध्यापक वेबर यांच्याशीही त्यांचे बिनसले. १९०० मध्ये पदवी मिळाली, पण बरोबर पास झालेल्या मित्रांना संस्थेत साहाय्यकाची नोकरी मिळाली आणि यांना मिळाली नाही.

त्यानंतरची दोन वर्षे नकारांची होती. त्यांनी युरोपातील अनेक प्राध्यापकांना पत्रे लिहिली. लाइपझिगच्या विल्हेल्म ओस्टवाल्ड यांना तर एकदा लिहून उत्तर आले नाही म्हणून पुन्हा लिहिले. एप्रिल १९०१ मध्ये वडिलांनी, मुलाला न सांगता, ओस्टवाल्ड यांना स्वतः पत्र लिहिले. मुलगा खचला आहे, त्याला दोन शब्द लिहावेत, जमल्यास काम द्यावे, अशी त्यांची विनंती होती. धंद्यात स्वतः हरलेल्या एका बापाने मुलासाठी अनोळखी माणसापुढे पदर पसरला होता. या पत्रानेही नोकरी मिळाली नाही.

याच काळात आधी कबूल केलेला किस्सा घडला. फेब्रुवारी १९०१ मध्ये त्यांना स्विस नागरिकत्व मिळाले आणि पुढच्याच महिन्यात सैन्यसेवेसाठी वैद्यकीय तपासणी झाली. निकाल अनफिट. कारणांमध्ये सपाट तळवे आणि पायांच्या फुगलेल्या शिरा होत्या. फ्लॅट फूट हा शब्द आपल्यापैकी कुणाला समजावून सांगायला नको.

थोडे दिवस बदली शिक्षक, थोडे दिवस खासगी शिकवण्या, असे दिवस गेले. शेवटी ग्रोसमानच्या वडिलांनी बर्नच्या पेटंट कार्यालयाच्या प्रमुखांकडे शिफारस केली आणि जून १९०२ मध्ये आइन्स्टाइन तिथे रुजू झाले. पद तिसऱ्या श्रेणीचे तांत्रिक तज्ज्ञ, पगार वर्षाला ३,५०० फ्रँक, आठवड्यातून सहा दिवस काम. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वडील वारले. मुलाचे पुढचे यश त्यांना पाहता आले नाही.

पेटंट कार्यालयात इतरांनी शोधलेल्या यंत्रांचे अर्ज तपासायचे आणि त्यात नवे काय, चुकीचे काय हे शोधायचे असे काम होते. ते त्यांनी मन लावून केले आणि उरलेल्या वेळात संशोधन चालू ठेवले. १९०५ या एका वर्षात त्यांनी प्रकाशाचे कण, द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांची हालचाल, सापेक्षता, आणि वस्तुमान व ऊर्जा यांचे नाते यांवर चार निबंध लिहिले. भौतिकशास्त्र त्यामुळे बदलून गेले. तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते आणि कुठल्याही विद्यापीठात नव्हते.

नकार तरीही थांबले नाहीत. १९०७ मध्ये बर्न विद्यापीठात शिकवण्यासाठी केलेला अर्ज आवश्यक प्रबंध जोडला नाही म्हणून मंजूर झाला नाही. नंतर झुरिकच्या एका शाळेत गणित शिकवण्यासाठी त्यांनी अर्ज केला, तिथेही निवड झाली नाही. त्यांनी बर्नसाठी हवा तो प्रबंध लिहिला आणि १९०८ मध्ये तो अर्ज मंजूर झाला. १९०९ मध्ये ते झुरिक विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९१२ मध्ये ज्या पॉलिटेक्निकने सोळाव्या वर्षी त्यांना परत पाठवले होते, तिथेच ते प्राध्यापक म्हणून गेले. आणि ज्या ओस्टवाल्ड यांच्याकडून नोकरी मिळाली नव्हती, त्यांनीच १९१० च्या नोबेलसाठी आइन्स्टाइन यांचे नाव सुचवले. त्यांना १९२१ सालचे नोबेल १९२२ मध्ये जाहीर झाले.

१९२४ मध्ये ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस या तरुण अध्यापकाने त्यांना एक निबंध पाठवला. बोस यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती, युरोपात त्यांना कुणी ओळखत नव्हते. एकेकाळी स्वतःची पत्रे अनुत्तरित राहिलेल्या आइन्स्टाइन यांनी हे पत्र बाजूला ठेवले नाही. निबंधाचे जर्मन भाषांतर स्वतः केले आणि तो छापून आणला. बोसॉन या कणांना आज आपल्या देशाच्या शास्त्रज्ञाचे नाव आहे, त्याची सुरुवात त्या पत्रापासून झाली. आइन्स्टाइन यांचे निधन १८ एप्रिल १९५५ रोजी अमेरिकेत प्रिन्स्टन येथे झाले.

मित्रांनो, नापास झालेला प्रत्येक जण आइन्स्टाइन होतो असे ही हकिकत सांगत नाही. ते एकट्याच्या बळावरही उभे राहिले नाहीत. परीक्षेला बसण्याची परवानगी एका स्नेह्यामुळे मिळाली, घर विंटेलर यांनी दिले, वह्या आणि नोकरी ग्रोसमानमुळे मिळाली. पण प्रत्येक नकारानंतर त्यांनी एक गोष्ट नेमाने केली. कशात कमी पडलो ते पाहिले, आणि भरून काढता येण्यासारखे असेल ते भरून काढले. सर्वसाधारण विषय कच्चे, तर वर्षभर शाळा. प्रबंध नाही, तर प्रबंध. जिथे त्यांच्या हातात काही नव्हते, तिथे मिळेल ते काम धरून आवडीचा अभ्यास सुरू ठेवला.

यादीत नाव नसेल तर आपल्यालाही हेच विचारता येईल. लेखी परीक्षेत राहिलो, मुलाखतीत राहिलो की मेडिकलमध्ये? प्रत्येकाचे उत्तर वेगळे आहे आणि पुढचे पाऊलही वेगळे आहे. पालकांनाही एक विनंती. ड्रॉपचे वर्ष किंवा दुसरे कॉलेज म्हणजे नातेवाइकांपासून लपवायची गोष्ट नाही. हर्मान आइन्स्टाइन यांच्या पत्राने नोकरी मिळाली नाही, पण मुलगा घरी बसलेला असताना त्याच्यावर विश्वास ठेवणारे एक माणूस घरात होते, हे त्या पत्रातून कळते. आणि ज्या सिनिअरचे नाव यंदा यादीत नाही, त्याच्याशी काय बोलावे हे सुचत नसेल, तर खोटा दाखला देऊ नका. तुमच्या नीटनेटक्या वह्या त्याला द्या.