ग्रंथ गावापर्यंत नेणारा राजा : महाराजा सयाजीराव गायकवाड

स्मरणिकेच्या पानांतून आपण ज्या थोर पुरुषांचे स्मरण करतो, त्यांत राजेमहाराजांना सहसा स्थान नसते. यंदा आम्ही तो प्रघात मोडून बडोद्याच्या एका राजाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्यांचे राज्य आपल्या बीड जिल्ह्यापासून फार दूर होते. १९३९ साली त्यांचे निधन झाले तेव्हा बीड निजामाच्या अमलाखाली होते. तरीही या राजाचे आपल्यावर ऋण आहे. परमपूज्य बाबासाहेबांच्या उच्च शिक्षणास त्यांनी हात दिला, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. मात्र खेड्यातील सामान्य माणसाच्या हाती विनामूल्य ग्रंथ देण्याची व्यवस्था उभारून त्यांनी जे केले, ते आपणांस तितकेसे परिचित नाही. त्या दुसऱ्या कार्याविषयीच येथे मुख्यत्वे लिहावयाचे आहे.

सयाजीरावांचा जन्म मार्च १८६३ मध्ये नाशिक जिल्ह्यातील मालेगावजवळच्या कवळाणे या खेड्यात झाला. त्यांचे मूळ नाव गोपाळराव. घर गायकवाडांच्या कुळातील असले तरी व्यवसाय शेतीचा होता. १८७५ साली इंग्रज सरकारने मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केले आणि महाराणी जमनाबाईंनी या शेतकऱ्याच्या मुलास दत्तक घेतले. बारा वर्षांच्या या मुलाची तोवर अक्षरांशी फारशी ओळखच झालेली नव्हती. ज्या वयात आपली मुले सहावी-सातवीच्या वर्गात बसतात, त्या वयात गोपाळरावांनी मुळाक्षरांपासून आरंभ केला. एलियट नावाचे इंग्रज शिक्षक आणि दिवाण टी. माधवराव यांच्या देखरेखीखाली त्यांचे अध्ययन झाले. २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्याची पूर्ण सूत्रे त्यांच्या हाती आली. उशिरा गवसलेल्या विद्येची गोडी त्यांच्या अंगी इतकी मुरली, की राजवाड्यातील त्यांचा ग्रंथसंग्रह पुढे सुमारे २०,००० ग्रंथांपर्यंत पोहोचला.

१८९३ साली अमरेली तालुक्यातील काही गावांत त्यांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सर्व राज्यास लागू केला. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी त्यापूर्वीच शाळा काढल्या होत्या. सवर्ण शिक्षक तेथे शिकविण्यास येईनात, तेव्हा मुसलमान शिक्षक नेमून त्या चालविल्या. परंतु सक्तीच्या शिक्षणातून एक नवी अडचण समोर आली. चार-पाच वर्षे शाळेत गेलेले मूल शेतावर परतले, की त्याच्या दृष्टीस पुन्हा पुस्तक पडत नसे आणि थोड्याच वर्षांत शिकलेली अक्षरे पुसली जात. शाळेवर केलेला खर्च असा मातीमोल होऊ द्यावयाचा नसेल, तर गावातच वाचनाची सोय हवी, हे महाराजांनी ओळखले.

अमेरिकेच्या प्रवासात त्यांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना १९१० साली त्यांनी बडोद्यास आणले. पुढच्या वर्षी राज्याचे स्वतंत्र ग्रंथालय खाते निघाले. महाराजांनी राजवाड्यातील आपला संग्रह लोकांच्या स्वाधीन केला आणि त्यातून बडोद्याचे मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. कपाटांना कुलपे घालून ग्रंथांची राखण करण्याची तोवरची रीत होती. येथे वाचकाने स्वतः मांडणीपाशी जावे, ग्रंथ चाळावेत आणि वर्गणी न देता घरी न्यावेत, अशी मोकळीक मिळाली.

या कार्याची सुरुवात महाराजांनी माणसे घडविण्यापासून केली, ही गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. खाते निघाले त्याच १९११ साली बॉर्डन यांनी बडोद्यात ग्रंथपालनाचा प्रशिक्षण वर्ग सुरू केला. आपल्या देशात असे शिक्षण देण्याचा तो पहिलाच प्रयत्न मानला जातो. १९१२ साली ग्रंथालय-कार्यकर्त्यांसाठी एक नियतकालिक निघाले. त्यात इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांतील मजकूर असे. दूरच्या कसब्यात एकट्याने काम करणाऱ्या माणसास इतरत्र काय चालले आहे, हे त्यामुळे कळू लागले. बॉर्डन १९१३ साली मायदेशी परतले, तरी काम थांबले नाही. जनार्दन सखाराम कुडाळकर आणि त्यांच्यामागून न्यूटन मोहन दत्त यांनी खात्याची धुरा वाहिली. मोतीभाई अमीन तर खेडोपाडी हिंडून ग्रामग्रंथालये उभी करण्यातच रमले. गावोगावच्या उत्साही तरुणांना आणि शाळामास्तरांना त्यांनी या कामात ओढले.

गावाने हात पुढे केल्यावाचून राज्याने सर्व काही आयते द्यावयाचे नाही, असे महाराजांचे धोरण होते. गावकऱ्यांनी वर्षाकाठी काही रक्कम जमविली, की तेवढीच रक्कम राज्य देई आणि तेवढीच स्थानिक पंचायत देई. गावाचा रुपया अशा रीतीने तीन रुपयांचा होई आणि ग्रंथालय आपले आहे, ही भावनाही गावात राही. महाराजांच्या हयातीतच राज्यातील हजाराहून अधिक गावांत ग्रंथालये किंवा वाचनालये उघडली.

जेथे एवढेही शक्य नव्हते तेथे ग्रंथपेट्या जात. लाकडी पेटीत पंधरा ते तीस ग्रंथ भरून ती राज्यातील कोणत्याही गावी पाठविली जाई. जबाबदारी घेणारे कोणी असले म्हणजे पुरे. वाहतुकीचा खर्चही खाते सोशी. काही महिन्यांनी ती पेटी परत येई आणि नवी रवाना होई. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांनाही या खात्याने वगळले नाही. जादूच्या दिव्याची चित्रे, चलच्चित्रे आणि दुहेरी भिंगातून पाहावयाची छायाचित्रे घेऊन खात्याची माणसे गावोगाव जात आणि उघड्या मैदानावर विनामूल्य खेळ दाखवीत. मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रियांसाठी निराळा विभाग होता. मुलांच्या दालनात पुस्तकांबरोबर खेळही मांडलेले असत. ग्रंथालयात येणाऱ्यास प्रथम आनंद वाटावा, वाचनाची ओढ त्यातून आपोआप लागेल, असा विचार त्यामागे होता. आज ज्याला आपण ग्रंथालयाचे उपक्रम म्हणतो, ते सारे शंभर वर्षांपूर्वी बडोद्याच्या खेड्यांत घडत होते.

ग्रंथ उपलब्ध करण्याबरोबर ते लिहवून घेण्याकडेही महाराजांचे लक्ष होते. धर्मानंद कोसंबी यांनी महाराष्ट्रात राहून बौद्ध धर्माचे अध्ययन-लेखन करावे म्हणून त्यांनी दरमहा ५० रुपयांची तजवीज केली. कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांचे बुद्धचरित्रही बडोद्याच्या ग्रंथमालेसाठी लिहिले गेले, असे बाबासाहेबांनीच पुढे नमूद केले आहे. केळूसकर गुरुजी मुंबईत शिक्षक होते. बागेत एकटाच वाचीत बसलेला भीमराव त्यांच्या दृष्टीस पडला. त्यांनी त्याची आपुलकीने चौकशी केली, त्यास वाचावयास पुस्तके दिली, आणि तो १९०७ साली मॅट्रिक झाला तेव्हा सत्कारप्रसंगी स्वतः लिहिलेले ते बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवले. पुढे शिक्षण अडले, तेव्हा केळूसकरांच्याच शब्दावरून सयाजीरावांनी भीमरावास दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात धाडले. १९५६ च्या धम्मदीक्षेपर्यंत जाणाऱ्या वाटेवरील पहिले पुस्तक कोणते, असे विचारले तर त्या बुद्धचरित्राकडेच बोट दाखवावे लागेल. ते एका राजाच्या ग्रंथमालेतून निघाले होते. मात्र नेमक्या मुलास हेरून नेमक्या वेळी ते त्याच्या हाती देणारा एक शिक्षक होता.

येथे एक कटू सत्यही सांगितले पाहिजे. शिष्यवृत्तीच्या करारानुसार १९१७ साली बाबासाहेब बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहावयास खोली मिळाली नाही. कचेरीतील शिपाई त्यांच्या मेजावर दुरून कागद फेकीत. एका धर्मशाळेत त्यांनी नाव बदलून अकरा दिवस काढले. अखेर काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. रात्रीची मुंबईची गाडी सुटेपर्यंत परदेशी विद्याविभूषित झालेला तो तरुण कामाठी बागेत बसून राहिला. महाराजांच्या कानी हे गेले होते, पण दिवाणांनी असमर्थता दाखविली आणि प्रकरण तेथेच थांबले. ग्रंथालय खाते तेव्हा सहा वर्षांचे होते. राजाचा हुकूम, राजाचा पैसा आणि राजाची सदिच्छा ही तिन्ही असूनही, मेजापाशी बसलेल्या माणसाचे मन बदललेले नसेल तर दार बंदच राहते, हे त्या दिवशी बडोद्याने दाखविले. सयाजीरावांच्या चरित्रातील हा दोष झाकण्याचे आम्हांस कारण नाही. पुढच्याच वर्षी, मार्च १९१८ मध्ये, मुंबईत भरलेल्या अस्पृश्यता निवारण परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले आणि १९३२ साली राज्यातील सर्वसाधारण शाळा अस्पृश्य मुलांना खुल्या करण्याचा हुकूम काढला. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. आपल्या जिल्ह्यातील अनेक गावांत शासनमान्य ग्रंथालयाची पाटी आहे. त्यांतील लहान ग्रंथालयांत एकच व्यक्ती ग्रंथपाल, लिपिक आणि शिपाई अशी तिन्ही कामे तुटपुंज्या मानधनावर करते. तिला नोंदवह्या भरण्याचे काम ठाऊक असते. मुलांना गोष्ट कशी सांगावी, नवख्या वाचकास काय द्यावे, उंबऱ्याशी घुटमळणाऱ्या बाईस आत कसे बोलवावे, हे तिला कोणी शिकविलेले नसते. दोष तिचा नाही. बडोद्याने पहिल्याच वर्षी जे केले, ते आपण अद्याप पुरते केलेले नाही.

आमच्या वसतिगृहातील कित्येक मुलांचे आईवडील दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीस जातात. ज्या भावंडांना वसतिगृहात जागा मिळत नाही, ती फडावरच्या कोप्यांत राहतात आणि पाडव्याच्या आसपास परततात. सक्तीच्या शिक्षणानंतर शेतावर परतलेल्या मुलाची जी अक्षरे पुसली जात, तीच या मुलांचीही सहा महिन्यांत पुसली जातात. शंभर वर्षांपूर्वीचा महाराजांचा प्रश्न आमच्या दारात तसाच उभा आहे.

म्हणून माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांना आमची विनंती आहे. स्मरणिकेच्या निमित्ताने पुस्तके भेट देणारे पुष्कळ आहेत. त्यांचे आम्ही ऋणी आहोत. यापुढे थोडा वेळही द्यावा. आपल्या गावच्या ग्रंथालयातील ताईंना किंवा दादांना ग्रंथपालनाच्या प्रशिक्षणास जावयाचे असेल, तर त्या काळातील त्यांचे काम सांभाळावे आणि प्रवासखर्चाची जबाबदारी घ्यावी. सुटीत गावी आलात तर एक दुपार ग्रंथालयात मुलांना गोष्टी वाचून दाखवाव्यात. आणि दसऱ्यापूर्वी तोडीची गाडी भरेल तेव्हा कपडे, भांडी आणि सरपणाबरोबर वीस पुस्तकांची एक पत्र्याची पेटी त्या गाडीत चढवावी. पेटी आम्ही देऊ. ती फडावर उघडून मुलांना भोवती बसविणारे, थोडेफार शिकलेले एक माणूस प्रत्येक टोळीत हवे आहे. असे माणूस आपल्या घरात असेल, तर त्याचे नाव आम्हांस कळवावे. त्याला चार दिवस शाळेत ठेवून घेऊन आम्ही तयारी करून देऊ.