कमरेवरचा डाग बघणारा माणूस

तुमच्या मार्कशीटवर मुंबई विद्यापीठाचं नाव असतं ना? त्याच विद्यापीठाचे एक कुलगुरू होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. वेंगुर्ल्याकडच्या मंडळींनी लगेच कान टवकारले असतील. खानोली तुमच्याच तालुक्यात, म्हणजे आडनाव तरी आपल्या बाजूचं!

जन्म १८९५ चा. लंडन विद्यापीठातून १९२३ मध्ये पॅथॉलॉजीत एम.डी. झाले आणि मुंबईत येऊन मेडिकलच्या पोरांना शिकवू लागले. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडलं, तिथली प्रयोगशाळा त्यांच्याकडे आली. हिंदुस्थानात कॅन्सर फारसा नसतोच, असा तेव्हा समज होता. खानोलकरांनी काय केलं? पेशंटचा तुकडा मेणात बसवायचा, त्याचा पातळ काप काढायचा, रंगवायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचा. तसंच पेशंट कुठला, खातो काय, नेसतो काय, हेही नोंदवायचं. मला विचाराल तर खरी कमाल या दुसऱ्या गोष्टीत आहे.

१९४५ मध्ये त्यांनी डॉ. सूर्याबाई यांच्यासोबत एक शोधनिबंध लिहिला. त्यात तीन कॅन्सर होते. विशाखापट्टणमकडे चुट्ट्याचं जळतं टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांच्या टाळूचा, बिहारात खैनी ठेवणाऱ्यांच्या खालच्या ओठाचा, आणि तिसरा धोतराचा! रोज त्याच जागी घट्ट गाठ, वर घाम, घर्षण. कातडी आधी काळवंडते किंवा पांढरी पडते, मग जखम होते, ती वर्षानुवर्षं भरत नाही आणि क्वचित तिचा कॅन्सर होतो. परकराच्या नाडीनेही हेच होऊ शकतं, हे पुढे डॉक्टरांना दिसलं.

आता हे वाचून घरी आजीच्या कमरेकडे बघा. मी बघितलं. काळा पट्टा होता, खाज होती. आजी म्हणे इतकी वर्षं आहे, काय होतंय! फोनवर फोटो काढून डॉक्टरांना पाठवला, त्यांनी प्रत्यक्ष बोलावलं. निघालं गजकर्ण. मलम मिळालं, नाडी सैल झाली.

आज त्वचेला टेकवून बघायचं डर्माटोस्कोप फोनला जोडता येतं. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या टीमने सुमारे १ लाख २९ हजार फोटो दाखवून कॉम्प्युटरला कॅन्सरचे डाग ओळखायला शिकवलं. भारी आहे, पण अशा फोटोसंग्रहांत गोरी कातडीच जास्त असते. आपल्यासारख्या सावळ्या लोकांत मेलानोमा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर, नखाखाली निघतो. रापणीला अनवाणी जाणाऱ्याचा तळपाय कोण बघतो? शिवाय ॲपने संशय घेतला तरी शेवटी तुकडा काढून मायक्रोस्कोपखालीच जातो, खानोलकरांच्या काळासारखा.

ते १९७८ मध्ये गेले. खारघरला टाटाच्या संशोधन केंद्रातल्या एका इमारतीचं नाव आहे खानोलकर शोधिका. पनवेलच्या पुढे गेलात तर बसमधून उतरून बघून या.