गव्हर्नर मॅक्वारी

लॅक्लन मॅक्वारी ह्यांचा जन्म इ. स. १७६२ त स्कॉटलंडात झाला. तरुणपणी मुंबईस लष्करी चाकरी करून १८१० त ते न्यू साउथ वेल्स ह्या हद्दपार कैद्यांच्या वसाहतीचे गव्हर्नर झाले. सुटलेल्या सदाचारी मनुष्यास पूर्वीचा दर्जा परत मिळावा, असा त्यांचा नेम होता. थॉम्पसन नामक सुटलेल्या कैद्यास त्यांनी मॅजिस्ट्रेट केले. परंतु त्याच्याबरोबर रस्त्यांच्या पंचांत बसण्यास पाद्री मार्सडन कबूल होईनात. आम्हां पाळकांस ही गोष्ट बोचते. खोट्या दस्तऐवजाबद्दल हद्दपार झालेल्या ग्रीनवेने योजिलेले सिडनीचे सेंट जेम्स उपासनामंदिर मात्र पुढे ह्याच मार्सडनांनी देवास समर्पिले!

गव्हर्नरांच्या माफ्या इंग्लंडच्या न्यायालयात टिकेनात. सुटलेल्यांचा मिळकतीवरील हक्क संशयात पडला. त्यांनी १८२१ त राजाकडे अर्ज केला, व १८२३ च्या कायद्याने त्या माफ्या पक्क्या झाल्या. पुढील वर्षी मॅक्वारी लंडनात वारले.