डॉ. पां. वा. सुखात्मे : नमुना-पाहणीचे एक आचार्य

शितावरून भाताची परीक्षा होते. पण शीत कोणते उचलावे? या प्रश्नाचा आयुष्यभर पाठपुरावा करणारे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते लंडनला गेले. ज्या गटात विविधता अधिक, त्यातून अधिक नमुने घ्यावेत, असे नेमन यांनी १९३४ मध्ये दाखविले होते. पण ती विविधता आधी कळावी कशी? लहानशा पूर्वपाहणीतून मिळालेला अंदाजही पुरेसा उपयोगी पडतो, हे सुखात्म्यांनी १९३५ मध्ये सिद्ध केले.

पुढच्याच वर्षी अमेरिकेतील 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाने सुमारे २४ लाख मतपत्रिका मोजल्या, तरी निवडणुकीचा अंदाज साफ चुकला. टेलिफोन-मोटारवाल्यांच्या याद्यांतून गरिबांचे मत निसटले होते.

भारतात परतल्यावर सुखात्म्यांनी पिकांच्या पाहण्या आखल्या. कापणीसाठी फार लहान तुकडा घेतल्यास कडेची रोपे आत मोजली जातात व उत्पन्न फुगते, हे त्यांनी १९४६ मध्ये दाखविले. पुढे १९७० पर्यंत ते रोमच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे संचालक होते. १९७१ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९९७ मध्ये पुण्यात ते निवर्तले.

शेत असो वा लोकमत, कसोटी एकच. सिंदी (रेल्वे)चे मत फक्त स्टेशनवर आणि बाजारात विचारले, तर वावरात निंदायला गेलेली बाई सुटते. तिलाही निवडले जाण्याची संधी हवी; मगच तो गावाचा कौल.