चिखलातला मिथेन ओळखणारे व्होल्टा

लावणी झालेल्या खाचरात पाय टाकला की चिखलातून बुडबुडे वर येतात. कल्याण, भिवंडी, शहापूर भागातल्या भात उत्पादकांना हे नवे नाही. या बुडबुड्यांत मिथेन असतो. गोबरगॅसच्या शेगडीत जळतो तोच वायू. तो सर्वप्रथम ओळखला आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी.

त्यांचा जन्म इटलीतील कोमो गावी १८ फेब्रुवारी १७४५ रोजी झाला. घरच्यांना त्यांनी वकील व्हावे असे वाटे, पण त्यांचा ओढा विजेच्या प्रयोगांकडे होता. पुढे ते कोमोतच भौतिकशास्त्र शिकवू लागले. नोव्हेंबर १७७६ मध्ये माज्जोरे सरोवराच्या काठी त्यांनी काठीने तळचा चिखल ढवळला आणि वर आलेले बुडबुडे पाण्याने भरलेल्या उपड्या बाटलीत धरले. तो वायू पेटला. पाण्याखाली कुजणाऱ्या वनस्पती व प्राण्यांपासून तो तयार होतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

पुढे ते पाविया विद्यापीठात प्राध्यापक झाले. १८०० मध्ये त्यांनी पहिली विद्युत बॅटरी जगापुढे मांडली. ५ मार्च १८२७ रोजी कोमो येथे त्यांचे निधन झाले. विजेच्या दाबाचे ‘व्होल्ट’ हे एकक त्यांच्याच नावाचे आहे.

हा वायू सूक्ष्मजीव तयार करतात, हे मात्र त्यांच्या हयातीत कळले नव्हते. पाणी साचले की मातीतला प्राणवायू संपतो आणि मिथेन बनवणारे जीव वाढतात. जिथे हवा पोहोचते तिथे मिथेन खाणारे जिवाणू असतात. असा जिवाणू १९०६ मध्ये सोनगेन यांनी वेगळा केला. युरोपात निचरा केलेल्या पीट जमिनी पुन्हा ओल्या करतानाही हाच तोल सांभाळावा लागतो. पाण्यामुळे जमिनीतला कर्ब टिकतो, पण मिथेन वाढू शकतो.

मिथेन हवामान तापवतो. म्हणून आपल्या खाचरात:

• पाण्यावर ताबा असेल, विशेषतः उन्हाळी भातात, तर फुटवे फुटून झाल्यावर काही दिवस पाणी काढावे.
• पोटरी ते फुलोरा या काळात पाणी कमी पडू देऊ नये.
• ताज्या शेणाऐवजी पूर्ण कुजलेले शेणखत वापरावे.